विशेषच्या रकान्यात

मंगला आत्याला रिकामा रकाना बघवत नाही. फॉर्मवर 'असल्यास' असं छापलेलं असतं, तिथे आपण रेघ मारतो. आत्या तिथे निबंध लिहिते. मतदार यादीवाल्या मास्तरांच्या कागदावर पत्त्याखाली थोडी जागा उरली होती, तर तिने लिहून दिलं, 'जिन्याची तिसरी पायरी सैल आहे, जपून यावे.' मास्तर परत आलेच नाहीत.

"सवय नाही गं ही, माणुसकी आहे," आत्या म्हणते. "समोरचा वाचून राहिलाय ना? मग त्याला काही तर मिळायला पाहिजे."

ही माणुसकी तिला रविवारच्या कामातून लागली. तीस वर्षं झाली, दर रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत बसून ती लग्नाची स्थळं जुळवते. पद्धत पक्की. टिपणावर नाव नाही, फक्त नंबर. शिक्षण, उंची, नोकरी, गोत्र. दोन्हीकडून 'पुढे जायला हरकत नाही' असं आलं, की मगच आत्या चकलीच्या जुन्या डब्यातून त्या नंबरांच्या चिठ्ठ्या काढते आणि नावं सांगते. एकाच बाजूने हो आलं तर डबा उघडत नाही. मुलाची आई रडो, नाहीतर मुलाचा मामा मंडळाचा अध्यक्ष असो. "अध्यक्ष आहात तर खुर्चीवर बसा ना," असं तिने एकदा खरोखर म्हटलं होतं, "माझ्या डब्यावर कशाला?"

टिपणाच्या तळाशी मात्र एक रकाना असतो: विशेष माहिती. तो आत्या स्वतः भरते. 'हसरी आहे.' 'मुलगा अबोल, पण कुत्र्यांशी बोलतो.' या रकान्यामुळे निदान चाळीस लग्नं जमली, असा तिचा दावा आहे. त्यातल्या कुत्र्यांशी बोलणाऱ्याचं नक्की जमलं. मी जेवून आले आहे.

उरलेले सहा दिवस ती गावाबाहेर सांवेर रोडवरच्या एका छोट्या लॅबमध्ये असते. आसपासच्या कारखान्यांतून तिथे प्लास्टिकचे नमुने येतात. दाणा कसला आहे, त्यात जुना माल मिसळलाय का, पुन्हा वितळवला तर टिकेल का, हे आत्या सांगते. मशीन आहे, पण आधी ती तुकडा चिमटीत घेते, नखाने ओरखडते, काडीवर जाळून वास घेते, आणि मशीनने तेच सांगितलं की मशीनला म्हणते, "शाब्बास." एकदाच वितळलेला माल म्हणजे तिच्या भाषेत 'प्रथमवर'.

बावीस वर्षं तिच्या नाकाखालून सगळ्या गल्लीचं प्लास्टिक गेलं. कोण काय मिसळतो, कोणाचा साचा बिघडलाय, कोणाचं काम बंद पडायला आलंय, सगळं तिला ठाऊक. बाहेर एक शब्द नाही. आम्हीसुद्धा विचारलं तर म्हणते, "नमुना नंबर चौदाला सर्दी झालीय," बस.

कारखान्यांतलं जे पुढे सांगते आहे ते मी पाहिलेलं नाही. नमुन्यांचं ती सगळं मिटल्यावरच बोलली; पण कोण काय म्हणालं ते आत्या घरी येऊन सांगते, आणि नुसतं सांगत नाही, त्या त्या माणसाच्या गळ्यातून सांगते. आमच्या घराण्यात हा रोगच आहे. तेव्हा शब्द जसेच्या तसे समजावेत.

तर, अभिराम. वय सत्तावीस, गाव पुणे, आमच्या वरच्या खोलीत भाडेकरू. पहिल्या दिवशी नाश्त्याला पोहे आणि जिलबी एका ताटात बघून तो म्हणाला, "हे दोन्ही एकदम खायचं असतं का?" बाबांनी त्याच्याकडे इतक्या करुणेने पाहिलं, की बिचारा दोन जिलब्या जास्त खाऊन गेला.

त्याचं काम असं. सांवेर रोडवरचे आठ कारखाने. प्रत्येकाकडे रोज प्लास्टिकचा वाया गेलेला माल निघतो: फसलेले तुकडे, कडा, ढेकळं. भंगारवाला तो उचलतो, सगळं एकत्र करतो, रंगात रंग मिसळतात, आणि चांगला माल काळा होऊन कुठेतरी लांब जातो किंवा जाळला जातो. आणि तीन फाटकं सोडून पुढच्या कारखान्याला नेमका तसलाच माल हवा असतो! तो बाहेरगावाहून नवा मागवतो. अभिरामच्या कंपनीचं म्हणणं, आठांनी आपापली माहिती एका कुलूपबंद जागी टाकावी, आपल्याकडे काय निघतं आणि आपल्याला काय हवं. जोड्या कॉम्प्युटर लावेल. गल्लीतला माल गल्लीतच फिरेल.

सभेत त्याने पडद्यावर एक मोठं गोल चित्र दाखवलं आणि म्हणाला, "यालाच आपण चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतो."

मागून झांझरी शेठ बोलले. बादल्या, मग्गे आणि खुर्च्यांचा त्यांचा मोठा कारखाना. त्यांचं वाक्य 'भिया'ने उघडतं आणि 'समझे के नी'ने बंद होतं. "भिया, चक्री तो तुम चलाओ. पर मेरा कचरा देख के ये दिवाकर भिया बता देंगे के मैंने कल क्या खाया. समझे के नी?"

दिवाकरराव पहिल्या रांगेत होते. त्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, आणि दिवाकरराव अजून घोड्यावरूनच बोलतात. बाटल्यांची झाकणं बनवतात. मागे न बघता ते म्हणाले, "तुम्ही काय खाता ते मी बघत नसतो, झांझरीजी. मला अपचनाचा त्रास आहे."

सगळे हसले आणि चहा पिऊन गेले. माहिती कोणी टाकली नाही. "डालेंगे भिया, आज ही डालेंगे," असं सगळे तीन आठवडे म्हणत होते.

अभिराम पोह्यांसमोर डोकं धरून बसला. "काकू, मी नाव लपवलंय हो! नुसता नंबर दिसतो."

"दाखव," आत्या म्हणाली.

त्याने लॅपटॉप फिरवला. आत्याने चष्मा लावला, एक ओळ वाचली आणि पोह्यांवर सेव घालत म्हणाली, "पांढरा माल, झाकणांचा, रोज दोन पोती. हे तर दिवाकरराव."

"पण नाव नाहीये ना!"

"अरे बेटा, गल्लीत झाकणं बनवतो कोण? मी टिपणावर लिहिलं, 'वय एकोणतीस, वडील बँकेतून रिटायर, तबला वाजवतात', तर नाव लिहायला काय उरलं? आपल्या इथल्या लालबागच्या मेळ्यात उभं राहून ओरडल्यासारखंच झालं." मग तिने चमचा खाली ठेवला. "आणि पोती कशाला दाखवतोस? आज दोन निघतात, उद्या चार निघाली, तर सगळे समजतील याचा साचा बिघडला. वाया गेलेला माल सगळ्यात जास्ती बोलतो रे."

"मग करायचं काय?"

"यादी टांगायचीच नाही. ज्याला पाहिजे त्याने विचारायचं, मला असा असा माल पाहिजे, आहे का कोणाकडे? उत्तर हो किंवा नाही. बस. हो असेल तर त्या एकालाच टिपण द्यायचं, त्याच्या कामापुरतं. दोघांचं हो आलं की डबा उघडायचा."

अभिरामच्या तोंडात जिलबी तशीच राहिली. "म्हणजे बघा हं, यावर आमच्याकडे लोक संशोधन करतात."

"त्यांना रविवारी मंडळात पाठव."

महिनाभरात त्याने सगळं उलटं करून तसं बांधलं. माल तपासून टिपण आत्याच्या लॅबने द्यायचं असं ठरलं. अभिरामने टिपणात चारच रकाने ठेवले होते. आत्याने पाचवा मागितला. तो म्हणाला, "काकू, मोकळं लिहायला जागा ठेवली की माणूस काहीतरी लिहितोच." आत्या म्हणाली, "लिहायलाच तर जागा असते." पाचवा रकाना आला: विशेष माहिती.

मग आत्या आठही कारखान्यांत स्वतः गेली. सात जण तिच्या शब्दावर आले. दिवाकररावांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मंगलाताई, माझं नाव बाहेर जाणार नाही, हा कॉम्प्युटरचा शब्द की तुमचा?"

"माझा."

"मग टाकतो."

पहिल्या जोडीत ब्रशांच्या दांड्या बनवणाऱ्याचा माल हँगरवाल्याकडे गेला. कोणाला काही कळलं नाही आणि दोघं खूश. अभिरामने पूर्ण आठवडाभर सकाळी गाणी म्हटली. बेसूर, पण मनापासून.

आणि मग दिवाकररावांचा साचा खरोखर बिघडला.

त्यांना लहान मुलांच्या सिरपच्या बाटल्यांसाठी गुलाबी झाकणांची मोठी ऑर्डर मिळण्याच्या बेतात होती. औषध कंपनीचे लोक पंधरा दिवसांनी नमुने बघायला येणार होते. नवा साचा आणला, आणि दहातली चार झाकणं वाकडी निघू लागली. ऑर्डर मिळाली तर दुसरी पाळी चालू राहणार होती. त्या पाळीत सव्वीस बायका. गेली तर पाळी बंद. आणि दोनच महिन्यांपूर्वी झांझरी शेठनी बादल्यांच्या जोडीला झाकणांचंही मशीन बसवलं होतं. दिवाकररावांची झाकणं वाकडी निघतायत एवढं जरी त्यांना कळलं असतं, तरी ते सरळ झाकणांचा डबा घेऊन औषध कंपनीच्या दारात उभे राहिले असते.

त्याच आठवड्यात झांझरी शेठनी कॉम्प्युटरला प्रश्न टाकला: बादल्या-मग्ग्यांसाठी एकदाच वितळलेला, स्वच्छ माल आहे का? उत्तर आलं, हो. टिपण भरायला आत्याकडे आलं.

आत्याने चार रकाने भरले. जात, वितळण, स्वच्छता, ओल. सगळं नीट. मग पाचवा समोर आला. आत्याच्या हातात ती वाकडी झाकणं होती. इतका सुंदर माल, एक डाग नाही, आणि साच्याच्या चुकीमुळे बिचाऱ्यांना नाकारलेलं. तिला राहवलं नाही. तिने लिहिलं: 'प्रथमवर. अंगाने गोरा, गुलाबी झाक. लहान मुलांच्या कामाचा म्हणून फार जपून केलेला. दोष मालात नाही, नशिबात आहे.'

आणि पाठवून दिलं.

तासाभरात झांझरी शेठचा फोन आला. "मंगला बेनजी, टिपण मिल गया. क्या लिखती हो आप! मैं तो भावुक हो गया." मग आवाज खाली आला. "गुलाबी, बच्चों का... ये तो सिरप के ढक्कन हैं. दिवाकर भिया के यां साचा लोचा कर रिया है, है ना?"

आत्या सांगते, त्या क्षणी तिच्या हातातला चिमटा खाली पडला आणि उचलायचं तिला सुचलं नाही. तीस वर्षांत दोन्हीकडचं हो आल्याशिवाय तिच्या डब्यातून एक नाव कधी बाहेर गेलं नव्हतं. आणि आज नाव न लिहिता तिने नाव सांगितलं. पोह्यांवर सेव घालत तिनेच दुसऱ्याला शिकवलेलं!

तिचा एक नियम आहे. जुळवणाऱ्याकडून चूक झाली तर फोन नाही. स्वतः दोन्ही घरी जायचं, आणि ज्याला कळलं त्याच्याकडे आधी. ती ॲप्रन न काढताच झांझरी शेठच्या केबिनमध्ये गेली.

"आओ बेनजी. बताओ, सही पकड़ा ना मैंने?"

"शेठजी, मी हो पण नाही म्हणणार आणि नाही पण नाही. जे लिहिलं ते मी लिहायला नको होतं. चूक माझी आहे. तेवढं सांगायला आले."

ती उठलीसुद्धा. तिला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. लॉकडाऊनच्या वर्षी झांझरींच्या खुर्च्यांचे पाय तडकत होते, तीन आठवडे रोज नमुने येत होते, आणि ही गोष्ट ना दिवाकररावांना माहीत होती ना आम्हाला; मला ती पुढे खुद्द शेठकडूनच कळली. ते तिने काढलं नाही. दारापर्यंत पोचली तेव्हा शेठच बोलले.

"बेनजी. वो कुर्सी वाली बात आपने किसी को नी बताई ना?"

"कसली खुर्ची?" आत्या म्हणाली.

 शेठनी टिपण उलटं करून टेबलावर ठेवलं. "तो मैंने भी कुछ नी पढ़ा. चाय पी के जाओ."

चहा न पिता आत्या दिवाकररावांकडे गेली. लपवता आलं असतं. शेठ गप्प बसणार होते. पण तिने सगळं सांगितलं: काय लिहिलं, कोणी ओळखलं, तो काय म्हणाला.  दिवाकरराव घोड्यावरून उतरले. म्हणजे आवाज अगदी साधा झाला, आणि आत्या म्हणते, त्याचीच जास्ती भीती वाटली.

"झांझरी आज चांगला वागला. मान्य. सोमवारी वागेल? कंपनीचे लोक येतील त्या दिवशी वागेल? सव्वीस बायकांची पाळी मी त्याच्या चांगुलपणावर टांगून ठेवू?"

"नाही," आत्या म्हणाली.

"मी कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला नाही, मंगलाताई. तुमच्यावर ठेवला. तीच चूक झाली. माणूस चांगला असला की त्याला बोलावंसं वाटतं." त्यांनी हात जोडले. "माझं नाव काढून टाका."

दिवाकरराव बाहेर पडले. ही बातमी मात्र गल्लीत पसरायला कोणाच्या टिपणाची गरज लागली नाही. अजून दोघांनी काढता पाय घेतला. अभिरामला पुण्याहून फोन आला, महिनाअखेर आठच्या आठ नसतील तर बंद करू. तो आमच्या जिन्यात, त्या सैल पायरीच्या वरच्या पायरीवर बसला होता. आत्या त्याच्या शेजारी जाऊन बसली.

"पाचवा रकाना काढ," ती म्हणाली.

"काढला मी तेव्हाच, काकू."

"आणि माझी चावी पण काढ."

त्याला कळेना.

"नमुना कोणाकडून आला, टिपण कोणाकडे गेलं, हे मला दिसतं ना? ते बंद कर. नुसता नंबर येऊ दे, आणि झाकण की बादली ते ओळखू येणार नाही असा चुरा. मी तपासून चार रकाने भरीन, आकड्यांनी. आणि दोघांचं हो आलं तरी नावं उघडू नकोस. तुझ्या कंपनीचा टेम्पो इकडून उचलेल, तिकडे टाकेल. लग्नात कधी तरी नाव सांगावंच लागतं. बादलीला काय करायचंय नाव?"

"पण काकू, आठही जण तुमच्यामुळे आले होते. तुम्हाला सगळं माहीत असतं म्हणून."

"म्हणूनच," आत्या म्हणाली, "आता मला माहीत नसतं म्हणून येतील."

हे ती हसत बोलली, पण जिन्यातून उठताना कठड्याला धरून उठली. बावीस वर्षं जिचं कामच सगळ्यांचं सगळं माहीत असणं, तिने आपल्या हाताने झाकण लावून घेतलं होतं. त्या संध्याकाळी तिने कोणाचाही आवाज काढला नाही. बाबांनी दोनदा विषय काढून पाहिला. जेवण नुसतं जेवणासारखं झालं.

दिवाकररावांकडे ती पुन्हा गेली. या वेळी शब्द दिला नाही. अभिरामला सोबत नेलं आणि त्याला स्क्रीन दाखवायला लावली. दिवाकररावांनी बराच वेळ बटणं दाबून आत्याच्या खात्यातून आपलं नाव शोधलं. सापडलं नाही. पुन्हा शोधलं.

"तुम्हालाही दिसत नाही?"

"नाही."

"काहीच?"

"चार आकडे दिसतात."

दिवाकरराव हसले. "मंगलाताई, तुमचं कसं व्हायचं?" आणि त्यांनी नाव घातलं. त्यांच्या मागून ते दोघेही आले. साचा कंपनीचे लोक येण्याच्या दोन दिवस आधी सरळ झाला. झांझरी शेठ त्या दारात गेले नाहीत. ऑर्डर दिवाकररावांनाच मिळाली. दुसरी पाळी चालू आहे. शेठ खरंच चांगले वागले की त्यांच्या मशीनला गुलाबी जमत नव्हतं, हे मला माहीत नाही, आणि आत्याला विचारण्यात आता अर्थ नाही.

म्हणजे, मला तसं वाटत होतं.

परवा आईने बाजारातून नवा मग्गा आणला. फिकट गुलाबी, अगदी बाळाच्या गालासारखा. आत्या समोरच होती. तिने तो हातात घेतला, चिमटीत कड दाबून पाहिली, नखाने हलकेच ओरखडली, आणि कोणाचं लक्ष नाही असं समजून नाकाजवळ नेला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी एकदाच पाहिलं होतं, त्या कुत्र्यांशी बोलणाऱ्याच्या लग्नात, मंगलाष्टकं संपली तेव्हा.

"आत्या," मी म्हटलं, "कोणाचं प्लास्टिक गं हे?"

तिने मग्गा बादलीत ठेवला, चष्मा नाकावर खाली ओढला, मान तिरकी केली, आणि हुबेहूब अभिरामच्या गळ्यातून, पुणेरी सानुनासिक स्वरासकट म्हणाली:

"म्हणजे बघा हं, ती माहिती उपलब्ध नाहीये."